एक पसा मीठ

संपादकबाईंचा फोन नेमका ठमीला न्हाऊ घालताना येतो. एका हातात निसरडं बाळ, दुसऱ्यात साबण, आणि फोन कान नि खांद्याच्या मध्ये दाबलेला. त्या दिवशीही तसंच.

"पसा तुझ्याकडे अडकलाय," बाई म्हणाल्या. "चिमूट आली, मूठ आली, ओंजळ आली. पसा कुठंय?"

"एक हात की दोन, तेच ठरत नाहीये बाई. एक जुना कोश म्हणतो, खोलगट केलेला एक तळवा. दुसरा म्हणतो, दोन्ही हात जोडून. तिसरा दोन्ही अर्थ देऊन मोकळा."

"मग तू काय देणारेस?"

"मी आत्ता टॉवेल देणारे."

बाई हसल्या. "शुक्रवारपर्यंत दे. नुसता अर्थ नको, शब्द आला कुठून तेही दे. आणि वापरणाऱ्या माणसाला विचार गं. या कोशातून त्या कोशात उतरवायला तू कशाला लागतेस मला?"

घरगुती मापांच्या जुन्या शब्दांचा एक लहानसा कोश त्या करताहेत. त्यातले हाताने मोजायचे शब्द माझ्या वाट्याला आलेत. ठमी झोपली की मी टेबलाशी बसते, ती कुरकुरली की उठते. चिमूट हा शब्द मी चार झोपांमध्ये पुरा केला. पसा मात्र महिनाभर रेंगाळला होता.

आणि वापरणारा माणूस शोधायला लांब जायचं नव्हतंच. तो पलीकडच्या खोलीत, खिडकीपाशी खुर्चीवर, उजवी मूठ मांडीवर ठेवून बसलेला होता.

माझे सासरे, बाबा, पाववाले. आमचं घर वर आणि बेकरी खाली. आयुष्यभर त्यांनी सकाळचा आणि दुपारचा घाणा स्वतः मळला. मैदा डब्याने, पाणी बादलीने आणि मीठ पशाने. एका घाण्याला एक पसा. मिठाच्या पिंपात हात जायचा, भरून वर यायचा, किंचित हलायचा, वरचे चार खडे खाली पडायचे आणि उरलेलं मीठ परातीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, हे अंदाजाने टाकतात. नवरा म्हणाला होता, "अंदाज नाही तो. काटा लावून बघ."

तेव्हा कुणी काटा लावला नाही. लावायला हवा होता.

ठमी महिन्याची असताना बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, काठीवर का होईना. बोलणंही आलं, पण एकेक शब्द जिना चढून आल्यासारखा, दम खात. हात मात्र कोपरात दुमडला आणि मूठ मिटली ती मिटलीच.

त्या दिवसांत घरात अशी दोन माणसं होती. ठमीची मूठ मी झोपेत उघडायचे, आत कधी कापसाचा धागा सापडायचा, कधी माझाच केस. बाबांच्या मुठीत घाम साचायचा आणि नखं तळव्यात रुतायची. नखं कापायचा दिवस मी दोघांचा एकच ठेवला होता. आधी नात, मग आजोबा. दोघेही हात ओढून घ्यायचे. पुढे ठमीची मूठ आपली आपणच सुटली. एके दिवशी तिने माझ्या कानातलं पकडलं, ओढलं आणि हात उघडून ते सोडूनही दिलं. तिचं किती कौतुक झालं घरात. बाबाही हसले. हसता हसता त्यांनी उजवा हात शालीखाली सरकवला, तो मी पाहिला.

व्यायामवाल्या ताई दर दोन दिवसांनी यायच्या. त्यांनी मला शिकवलं होतं. बोटं ओढायची नाहीत. हात कोमट पाण्यात धरायचा, मनगट आधी आत वाकवायचं, मग अंगठा बाहेर घ्यायचा, मग बोटं करंगळीपासून. त्यांनी जिन्यात थांबवून मला बजावलंही होतं, "हे आत्ताच करून घ्यायला हवं. या महिन्यांत हात उघडला नाही, तर सांधे धरतील. मग कुणाच्या बापाला उघडायचा नाही."

सुरुवातीला बाबा हात द्यायचे. मग द्यायचे थांबले. ते का थांबले, हे मला फार उशिरा कळलं.

झालं होतं असं. बाबा आजारी पडल्यावर खालचं सगळं नवऱ्याच्या अंगावर पडलं. भट्टी बघायला भट्टीमामा होते, पण मळायचं आणि मीठ टाकायचं याने. आठवडाभर त्याने स्वतःच्या हाताने पसा घातला. एक दिवस खारट, एक दिवस आणखी खारट. मग त्याने इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि तो उचलून वर, बाबांच्या खुर्चीपाशी घेऊन आला. बरोबर मिठाची बरणी.

"बाबा, एक पसा भरा."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि जो हात चालत होता तो बरणीत घातला. पसा काट्यावर रिकामा झाला. आकडा आला. नवऱ्याने पसा तीनदा भरून घेतला, तिन्ही वेळा आकडा जवळजवळ तोच. त्याला इतका आनंद झाला. आकडा कागदावर लिहून त्याने खाली पिंपाच्या वर भिंतीला चिकटवला आणि वर येऊन म्हणाला, "संपलं बाबा. आता तुम्ही निवांत. तुमचा पसा लिहून ठेवलाय मी, काही काळजी करू नका."

तो हे प्रेमाने म्हणाला. मी तिथेच होते, ठमीला खांद्यावर घेऊन. बाबा काट्यावरच्या मिठाच्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर मी त्यांना ताजा पाव दिला. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला, चघळला आणि म्हणाले, "फिका."

"फिका?" नवरा म्हणाला. "बाबा, तुमचंच माप आहे."

"फिका... आहे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीजवळ उकिडवा बसून, ठमीशी बोलतो तसा हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर म्हणाले होते ना, थोडे दिवस जिभेची चव जाते. येईल हं परत."

बाबा पुन्हा कधी पावाबद्दल बोलले नाहीत. अर्धा पाव बशीत राहायला लागला. आणि व्यायामवाल्या ताई आल्या की उजवा हात शालीत. "राहू दे," म्हणायचे. "कशाला आता."

खाली मात्र रोज नवं काहीतरी. पीठ मळताना चिकटायचं, वेळेआधीच फुगून बसायचं, आणि भाजलेल्या पावाला रंग चढायचा नाही. नवऱ्याने मैदा बदलला. खमीर बदललं. भट्टीमामांना म्हणाला, आच कमी पडतेय. भट्टीमामा म्हणाले, "आच माझी आहे तीच आहे. तुझं पीठच हाताला असं चिकटतंय, लग्नाला आलेला पाहुणा मुक्काम हलवत नाही तसं." समोर शिवणकाम करणाऱ्या काकू रोज सकाळी चार पाव न्यायच्या. त्या पाव दाबून बघत म्हणाल्या, "अरे, हा पाव आहे की उशीत भरायचा कापूस? तसं असेल तर सांग, मला दोन किलो लागतोच आहे."

नवरा हसला, पण वर आल्यावर जेवला नाही.

या सगळ्यात माझा पसा राहिला होता. त्या दिवशी बाईंचा फोन झाल्यावर मी ठमीला पुसून, कपडे घालून बाबांच्या पायाशी चटईवर सोडलं आणि जवळ स्टूल ओढून बसले. हातात कागद होता, पण खरं सांगायचं तर मला उत्तरापेक्षा त्यांना बोलतं करायचं होतं.

"बाबा, माझं एक काम आहे तुमच्याकडे. पसा म्हणजे एक हात की दोन?"

त्यांनी वर पाहिलं. कितीतरी दिवसांत कुणी त्यांना औषध घेतलं का, याखेरीज काही विचारलं नव्हतं.

"एक," ते म्हणाले.

"पुस्तकात दोन पण म्हटलंय."

"दोन म्हणजे..." शब्द वर यायला वेळ लागला. मी थांबले. "ओंजळ. पशाला... एकच. दुसरा हात... पिठात असतो ना."

मी हे लगेच लिहून घेतलं. दुसरा हात कामात असतो. तीन कोशांनी मिळून हे मला सांगितलं नव्हतं.

"असा ना?" मी माझा उजवा तळवा खोलगट करून दाखवला.

बाबांनी मान हलवली. डाव्या हाताने माझी बोटं धरली आणि ती थोडी आणखी आत वळवली, अंगठा मात्र बाहेर, पसरलेला. "अंगठा... भिंत नाही. काठ."

"आणि तुमचा केवढा असायचा?"

त्यांनी डावा हात पुढे केला, खोलगट केला. त्याच्याकडे बघितलं. मग तो खाली ठेवून दिला.

"हा नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"हा नाही. पसा... हा." आणि शालीखालून त्यांनी मिटलेली उजवी मूठ बाहेर काढली.

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. ठमी चटईवर पालथी पडून बाबांच्या काठीची टोपी चाटत होती, तिला ओढून मी मांडीवर घेतलं, तोवर सगळं जागेवर बसलं. काट्यावर पसा डाव्या हाताचा पडला होता. आयुष्यभर पिंपात गेला तो उजवा. मळून मळून फताडा झालेला, दुपटीने नसेल, पण डाव्याहून चांगलाच मोठा. भिंतीवर लिहिला होता तो पसा कुठल्याच पावाचा नव्हता.

"बाबा, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "फिका म्हटलं."

ते म्हणालेच होते. सरळ, एका शब्दात, जेव्हा एकेक शब्द त्यांना महाग होता. आणि आम्ही त्यांना जीभ परत येईल म्हणून धीर दिला होता.

"तेव्हा डाव्याने का भरलात?"

"त्याने हात... मागितला. हा होता... तो दिला." त्यांनी मुठीकडे पाहिलं. "मला वाटलं, त्याला... कळेल. माझा हात... बघितलाय त्याने."

खालून पीठ आपटल्याचा आवाज आला, धप्, आणि परत धप्. दुपारचा घाणा. बाबांची मान त्या आवाजाकडे किंचित वळली, रोज वळत असेल तशी. मला कधी ते दिसलं नव्हतं.

"शब्द कुठून आला ते पण लिहायचंय मला," मी म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून. "फार जुना आहे. संस्कृतात प्रसृत म्हणायचे. पुढे पसरलेला, उघडलेला हात. लोकांच्या तोंडात घासून घासून त्याचा पसा झाला. आपलं पसरणं त्याच घरातलं."

"उघडा हात."

"हो."

"मग हा... पसा नव्हे."

"आत्ता नाही," मी म्हटलं.

मला वाटलं, आपण नको ते सांगून बसलो. शब्दांच्या नादात माणसाला लागेल असं बोलून जायचं, ही माझी खोडच आहे. पण त्यांनी मूठ परत शालीखाली नेली नाही. मांडीवरच ठेवली. ठमीने ती बघितली आणि पुढे वाकून तिच्यावर आपला हात ठेवला, मग त्या बोटांच्या फटीत स्वतःचं बोट घालायला लागली. आत काय आहे ते तिला बघायचंच होतं.

मी ठमीला कडेवर मारून खाली गेले. नवरा परातीशी होता, कोपरापर्यंत पांढरा.

"मीठ टाकलंस?"

"टाकलंय. का?"

"बाबांनी पसा कुठल्या हाताने भरला होता?"

"म्हणजे काय, बाबांच्याच..." तो म्हणाला आणि थांबला. त्याने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. मग पिंपाकडे. मला पुढचं काही सांगावं लागलं नाही. तो मिठाच्या पिंपाच्या काठावर हात टेकून उभा राहिला.

"ते फिका म्हणाले होते," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी त्यांना जीभ..."

भट्टीमामा भट्टीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आता उभा काय राहिलास? वर जा. पीठ मी बघतो. आणि हात धुऊन जा, नाहीतर म्हातारा म्हणेल घाणा सोडून आलास."

तो हात धुऊन वर गेला. मी खाली जिन्यापाशी थांबले, ठमीला गप्प करत. वरून फार कमी ऐकू आलं. नवऱ्याचा आवाज, मग बाबांचा. मग दोघे जिन्यात आले. झटक्यानंतर बाबा तो जिना पहिल्यांदाच उतरत होते. नवरा एक पायरी खाली, उलटा, त्यांच्या कमरेला धरून. बाबांचा डावा हात कठड्यावर. मध्येच बाबा थांबले आणि म्हणाले, "तुझा... श्वास का चढलाय? जिना... मी उतरतोय."

भट्टीमामांनी स्टूल पुसून परातीशी ठेवलं होतं. त्यांनी बाबांना रामराम केला नाही की बरं आहे का विचारलं नाही. फक्त म्हणाले, "या. तुमच्या पोरानं पिठाची खळ केलीय बघा."

बाबा बसले. डाव्या हाताने कच्च्या पिठाचा एक तुकडा तोडला आणि जिभेवर ठेवला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ठमीसुद्धा, कारण तिच्या मते जगातला कुठलाही घास आधी तिच्याकडे यायला हवा.

"अजून," बाबा म्हणाले.

नवऱ्याने आकड्याइतकं मीठ टाकलेलंच होतं. त्याने आणखी थोडं काट्यावर तोलून, पाण्यात विरघळवून पिठात घातलं, मळलं, तुकडा पुढे केला.

"अजून."

परत मळलं. नवऱ्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बाबांनी तुकडा चघळला, डोळे मिटले. मी मनात म्हटलं, आता नाही म्हणाले तर पुन्हा मळू, संध्याकाळ झाली तरी मळू. पण खरं तर मला भीती वाटत होती. डॉक्टरांचं खरं असलं तर? जीभ खरंच गेली असली तर?

बाबांनी मान हलवली. "पुरे." मग डावा तळवा पिठावर ठेवला, दाबला, उचलला. पीठ हाताला चिकटलं नाही. "आता... झाकून ठेव. घाई नको."

घाई झाली नाही. पीठ आपल्या वेळेने फुगलं. पाव भट्टीत गेले आणि बाहेर आले ते तांबूस रंग घेऊन. भट्टीमामांनी पहिला पाव मोडला आणि कुणाला न विचारता अर्धा स्वतः खाल्ला. शिवणवाल्या काकू संध्याकाळी आल्या. बाबांना स्टुलावर बघून त्यांचा चेहरा उजळला, पण बोलणं तेच. "बरं झालं आलात. तुमचा मुलगा आम्हाला उशा विकत होता." पाव दाबून पाहिला आणि चारऐवजी सहा नेले.

मग नवऱ्याने हिशेब केला. दुपारी टाकलेलं सगळं मीठ, पहिलं आणि नंतरचं, त्याने बाजूला लिहून ठेवलं होतं. भिंतीवरचा कागद काढून तो उभा राहिला. खिशाला पेन होतं. पण तो लिहीना.

"बाबा," तो म्हणाला, "आता लिहू का हे? तुम्ही सांगा."

बाबांनी त्याच्या हातातल्या पेनकडे पाहिलं.

"लिही. पण... पेनाने नको. पेन्सिलीने."

"का?"

बाबांनी उजवी मूठ उचलून परातीच्या काठावर ठेवली. तिथे ती जड, मिटलेली, बोटांच्या पेरांवर पीठ लागलेली अशी बसली. मग ते माझ्याकडे वळले.

"सूनबाई, पाणी... कोमट करशील? हा उघडला की... परत मोजू."

मी ठमीला नवऱ्याकडे दिलं आणि भट्टीवर पाण्याचं पातेलं ठेवायला गेले. मागे नवरा पेन्सिल शोधत होता. भट्टीमामांनी आपल्या कानामागची काढून दिली.